शनिवारचं बंद पान

१

करंजपाड्याच्या यादव भोयेला नाग चावला तो जुलैच्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, भाताच्या खाचरात. आठ वाजून दहा मिनिटांनी तो जीपमध्येच गेला. त्याला हवी असलेली सर्पदंशाची लस उंबरमाळच्या आरोग्य केंद्रात फ्रीजमध्ये होती, चांगल्या चौदा कुप्या होत्या, आणि उंबरमाळ चौदा किलोमीटरवर होतं. पण यादवला नेलं उलट दिशेला, तोरणपाड्याला, कारण ते जवळ होतं. तोरणपाड्याची लस आदल्याच दिवशी संपलेली होती, आणि तिथून त्याला पुढं हलवेपर्यंत उशीर झाला.

त्याला तोरणपाड्याला पाठवलं करंजपाड्याच्या उपकेंद्रातल्या नर्सनं, मोहिनी गावितनं. म्हणून आता ती निलंबित होती आणि खात्यातून कायमची काढण्याची तयारी चालली होती.

मोहिनी ऑगस्टमधल्या एका सोमवारी नाशिकला गंगापूर रोडवर मालनबाई देवऱ्यांच्या ओसरीत येऊन बसली. मालनबाईंना सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, पण आवाज अजून वॉर्डातलाच होता. खात्याच्या चौकशीत आरोपी कर्मचाऱ्याला आपल्या बाजूनं बोलायला एक निवृत्त माणूस घेता येतो. त्याला बचाव सहायक म्हणतात. मालनबाईंनी पाच वर्षांत असे अकरा जण सोडवले होते आणि त्यापायी निम्म्या खात्याशी वैर घेतलं होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे.

"थोडक्यात सांग," त्या म्हणाल्या.

"कुठल्या केंद्रात लस किती हाय ते एका वेबसाइटच्या पानावर कळतं, मॅडम. दर शनिवारी सगळे फार्मासिस्ट आपापला आकडा भरतात. आमच्याकडं फोनला रेंज नाय, फक्त पत्र्यावरच्या डिशचं नेट. मी सहा वीसला पान उघडायला गेले. उघडलंच नाय. बाकी सगळं चालत व्हतं, व्हॉट्सॲप चालत व्हतं, तेवढं पानच नाय. दहा वेळा केलं. केंद्रांना व्हॉट्सॲपवर विचारलं, पण त्या वेळी कोणी बघितलं नाय. तोवर त्याच्या पापण्या मिटायला लागल्या. मग जवळचं केंद्र म्हणून तोरणपाडा सांगितलं."

"हे कोणाला सांगितलंस?"

"पहिल्याच दिवशी. साहेबांना, पोलिसांना, सगळ्यांना."

"पान बंद होतं याचा कागद आहे?"

"नाय."

"मग हे वाक्य पुन्हा बोलू नकोस. खात्यापुढं कागदाविना बोललेलं उलटतं." मालनबाईंनी आरोपपत्र पुढं ओढलं. "कारण यांच्याकडं कागद आहे."

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचं पत्र जोडलेलं होतं. एका सिनेमाच्या चोरट्या प्रती दाखवणाऱ्या तेवीस वेबसाइट कोर्टाच्या आदेशानं बंद केल्या. तो बंद रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी लागला आणि सोमवारी संध्याकाळी उठला. आरोग्याचं पान त्या तेवीसांत नव्हतं. त्याखाली चौकशी अधिकाऱ्याची टीप होती: शनिवारी संध्याकाळी पाच चाळीसला, त्याच कंपनीच्या जाळ्यावर असलेल्या उंबरमाळ केंद्राने त्याच पानावर साठा भरला आहे. सबब पान चालू होते. सबब नर्स खोटे बोलत आहे.

मालनबाईंनी ती टीप दोनदा वाचली. मोहिनीचा चेहरा पाहून त्यांना तिची दया आली आणि त्याच वेळी मनात शंकेची पाल चुकचुकली. शुक्रवारी शेवटची सुनावणी होती.

२

ते पान बनवलं होतं मनोज नावाच्या एका मास्तरानं. तो तंत्रनिकेतनात शिकवायचा. आरोग्य खात्यानं त्याचे आभारसुद्धा धड मानले नव्हते, आणि आता फोन केला की "त्या बंद पडणाऱ्या साइटवाले का?" असं विचारायचं.

"बंद पडली नाही हो ती!" मनोज चिडून म्हणाला. "पाडली. सोमवारी डोंगरातून तक्रारी आल्या म्हणून मी कंपनीला विचारलं, तेव्हा कळलं. माझ्या घरी दुसऱ्या कंपनीचं नेट आहे, मला सगळं दिसतच होतं."

"पण त्या तेवीस नावांत तुझं नाव नाही."

"चाळ समजा, मावशी. एका चाळीत दोनशे बारा बिऱ्हाडं. प्रत्येकाच्या दारावर वेगळं नाव, पण चाळीचा नंबर एकच. त्यातल्या एका खोलीत चोर शिरला. नाव वाचून त्याच खोलीला कुलूप घालता येतं. यांनी चाळीचा मोठा दरवाजाच बंद केला. नंबरच बंद केला, म्हणजे दोनशे बारा जण आत कोंडले. मी त्यातला एक. माझ्याकडं फुकटची जागा घेण्याइतकीच ऐपत होती ना."

"हे कंपनीनं कबूल केलंय?"

"पत्रात तेवीस नावंच लिहिलीत. नंबराचा उल्लेखच नाही. तोंडी म्हणाले, काहीतरी तांत्रिक झालं असेल."

मालनबाईंनी शनिवारचा तक्ता मागितला. मनोजनं कॉम्प्युटरवर काढून दिला. डोंगरातल्या त्या कंपनीच्या जाळ्यावर सात केंद्रं होती. सहांनी शनिवारी काहीच भरलं नव्हतं. खात्याच्या मते ती सहाही माणसं कामचुकार. सातवं उंबरमाळ. वेळ पाच चाळीस, कुप्या चौदा, आणि शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द: सेकंड शिफ्ट.

"हा शेरा दर वेळी असतो?"

"उंबरमाळचा असतो. एवढं नेटकं भरणारा माणूस खात्यात दुसरा नाही," मनोज म्हणाला. मग जरा घुटमळत पुढं बोलला, "आणि मावशी, हीच नोंद आपल्या मुळावर उठलीय. दरवाजा शनिवारी बंद असता, तर उंबरमाळचा माणूस आत शिरला कसा?"

मालनबाईंना वाटलं, पोरीनं घाबरून पान उघडायचा विचारच केला नसेल. घाबरलेल्या नर्सा त्यांनी चाळीस वर्षं पाहिल्या होत्या.

३

सिनेमावाल्यांच्या वतीनं चोरट्या वेबसाइट हुडकून देणारी फर्म मालनबाईंच्या घरापासून दहा मिनिटांवर निघाली. खाली भागीबाई भाजी घेऊन बसायची, तिच्या डोक्यावर विजेच्या खांबाला एक भलामोठा फ्लेक्स बांधलेला होता. गॉगल लावलेले दोन चेहरे, एकाचं बोट आकाशाकडं, आणि लाल अक्षरं: "सिनेमा लागल्याच्या दुसऱ्याच दिवशी चोरट्यांच्या मुसक्या आवळणारे आमचे शेखरभाऊ आणि राकेशभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार." दीड महिन्याच्या पावसानं त्याचा रंग उडाला होता. नाशिकमध्ये माणूस दहावी पास झाला तरी फ्लेक्स लागतो, त्यामुळं मालनबाईंनी एकदा वर बघून नाक मुरडलं आणि जिना चढल्या.

बोट आकाशाकडं असलेला तो शेखर. खोलीत एसी इतका गार की मालनबाईंनी पदर लपेटून घेतला.

"आजी, तुम्ही चुकीच्या दारात आलात," तो म्हणाला. "शुक्रवारी सिनेमा लागला, दुपारी लोकांच्या मोबाइलवर आला. तीनशे माणसांची दोन वर्षांची मेहनत. ती चोरणाऱ्यांना आम्ही रोखतो. कोर्टाचा आदेश आहे. आम्ही यादी देतो, कंपनी बंद करते. रविवारी सकाळी यादी मेल केली, तीत तेवीस नावं. त्यापुढं काय झालं ते आम्हाला माहीत नाही, माहीत असायचं कारणही नाही."

"एक माणूस मेलाय."

"सापानं मेलाय." त्यानं मोबाइल उचलला. "हे बघा, असं कोणीही उठतं आणि आमच्या नावानं शंख करतं. शेळ्या विकणारे, लग्न जुळवणारे, सगळ्यांचं दोन दिवस दुकान बंद राहिलं तर काय आभाळ कोसळलं? मोठ्या कामात थोडं इकडंतिकडं होतंच. आणि तुमच्या नर्सबाईंनी तर पान बघितलंच नाही म्हणे."

"असं कोण म्हणे?"

"कागद म्हणे," शेखर हसला. "शुक्रवारी मला साक्षीला बोलावलंय तुमच्या खात्यानं. मीही येईन, राकेशही येईल. तिथं भेटू."

चाळीस वर्षं डॉक्टरांची गुर्मी सहन केलेल्या मालनबाईंना ही नवी गुर्मी काही नवी वाटली नाही. पण जिना उतरताना त्यांच्या कानात काहीतरी खुटखुटत राहिलं. हा माणूस काहीतरी जास्तीचं बोलला होता. काय, ते मात्र सापडेना.

४

राकेश इंटरनेट कंपनीचा इंजिनिअर, द्वारका चौकाजवळच्या एका तळघरात बसायचा. फ्लेक्सवर गॉगलमध्ये छाती काढून उभा असलेला तो हाच, हे सांगूनही खरं वाटलं नसतं. मालनबाईंनी करंजपाड्याचं नाव काढताच त्यानं हातातला चहा खाली ठेवला.

"मेल आल्याशिवाय मी मशीनला हात लावत नाही, मॅडम. रविवारी दहा पाचला मेल आला, दहा वीसला मी बंद केलं."

"नावं की नंबर?"

"जे मेलमध्ये होतं ते."

"मग बाकीची दोनशे माणसं का अडकली?"

"ते... तांत्रिक."

"मशीनमध्ये नोंद असेल ना, कधी काय बंद केलं त्याची?"

"तीस दिवसांनी पुसली जाते आपोआप." हे त्यानं फार पटकन सांगितलं. मग एकदम आवाज चढवला. "आम्हाला काय सुख आहे का हो? बंद केलं नाही तर कोर्टाचा अवमान म्हणतात. केलं तर तुम्ही येता. कोणाचं ऐकायचं माणसानं?"

"तू मोहिनीला ओळखतोस?"

"नाही."

"ती तुझ्याच वयाची आहे. तिला खात्यातून काढलं तर करंजपाड्यात दुसरी नर्स यायला वर्ष लागेल. तोवर तिथल्या बाळंतिणी रामभरोसे. एवढं लक्षात ठेवून शुक्रवारी ये."

राकेशनं मान खाली घातली. मालनबाई निघाल्या, तर तो मागून दारापर्यंत आला आणि काहीतरी सांगायला त्यानं तोंडही उघडलं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर 'शेखरभाऊ' अशी अक्षरं उमटली आणि राकेश आत वळला.

५

गुरुवारी पहाटेची एसटी धरून मालनबाई उंबरमाळला गेल्या. उंबरमाळचा फार्मासिस्ट रावजी महाले निवृत्तीला आलेला, जाड भिंगाचा चष्मा लावणारा सभ्य माणूस. त्यानं चहा पुढं केला आणि विचारायच्या आतच सांगून टाकलं, "शनिवारी मीच भरलं, बाई. पाच चाळीसला. चौदा. लिहून देऊ?"

मालनबाई केंद्रभर हिंडल्या. एक डॉक्टर, तो आठवड्यातून तीन दिवस येणारा. एक नर्स. एक शिपाई. फार्मसीच्या खिडकीवर पाटी: वेळ नऊ ते पाच. त्यांनी फ्रीज पाहिला, फ्रीजवरचं रजिस्टर पाहिलं. सगळं रावजींच्या थरथरत्या, मोठ्या अक्षरांत होतं. त्यात 'शिफ्ट' हा शब्द कुठंच नव्हता.

"रावजीभाऊ, तुमच्याकडं दुसरा फार्मासिस्ट आहे?"

"कुठला? मी एकटाच."

"मग सेकंड शिफ्ट कोणाची?"

रावजींनी उठून फार्मसीची खिडकी ओढून घेतली.

"एकट्या माणसाला पाळ्या नसतात, रावजीभाऊ. मी वॉर्डात आयुष्य काढलं. जिथं तीन पाळ्यांची माणसं एकाच वहीत लिहितात, तिथंच प्रत्येक नोंदीशेजारी पाळी लिहायची सवय लागते. तो हात तुमचा नाही. कोणाचा आहे?"

रावजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "नोकरीची दोन वर्सं राहिलीत, बाई."

"मोहिनीची तीस राहिलीत."

रावजींनी फ्रीजवरचं रजिस्टर मिटलं. "माझी पोरगी अंजली. पिंपळगावला कोल्ड स्टोअरमध्ये असती, माल उतरला की लिहून घ्यायचं काम. मला त्या कॉम्प्युटरवर दिसत नाय. म्हणून शनिवारी टेकडीवर जाऊन तिला फोन लावतो, आकडा सांगतो, ती तिथून तिच्या मोबाइलवर भरती. दोन वर्सं झाली. पासवर्ड दुसऱ्याला देणं गुन्हा हाय ना, म्हणून..."

"म्हणजे त्या शनिवारची नोंद पिंपळगावहून झाली. तिथल्या मोबाइलचा या डिशशी काही संबंध नाही."

"नाय. आपल्या डिशवर तं शनिवारी दुपारपासूनच पान उघडत नव्हतं. शिपाई बोलला मला. आम्हाला वाटलं पावसानं."

मालनबाईंना आनंद व्हायला हवा होता. उलट त्यांना संताप आला, आणि त्यातला बराचसा स्वतःवरचा होता. पोरगी पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती.

रावजींकडून सगळं लिहून घेऊन त्या परतीच्या एसटीत बसल्या. पण नुसतं पान बंद होतं एवढ्यानं भागणार नव्हतं. खातं म्हणेल, पाऊस होता, डिश बिघडली. शनिवारी ते माणसानं बंद केलं, हे दाखवायला हवं होतं. कंपनीचा कागद रविवार म्हणत होता, मशीनची नोंद पुसलेली होती. सप्तशृंगीचा डोंगर मागं पडला तेव्हा कंडक्टर कोणाला तरी सांगत होता, "आज नाय, गाडी उद्या." आणि मालनबाई ताडकन सरळ बसल्या.

शुक्रवारी सिनेमा लागला, असं शेखर स्वतः म्हणाला होता. आणि फ्लेक्सवर लिहिलं होतं, दुसऱ्याच दिवशी.

शुक्रवारचा दुसरा दिवस शनिवार.

त्या रिक्षा करून थेट त्या इमारतीखाली आल्या. विजेचा खांब मोकळा होता. फ्लेक्स गायब होता. नुसत्या तुटक्या सुतळ्या लोंबत होत्या.

६

दुसरी कोणी असती तर खचली असती. मालनबाई भागीबाईच्या पाटीसमोर उकिडव्या बसल्या आणि त्यांनी पाव किलो गिलकी मागितली.

"वरचं छप्पर कुठं गेलं गं?"

"काल सायंकाळी काढला शेखरभाऊनं. फाडून टाक म्हणला." भागीबाईनं गिलकी तोलली. "एवढा चांगला फ्लेक्स, फाडतंय कोण? घरी नेला. पत्रा गळतो आमचा."

ज्या शहरात माणसाचं कौतुक फ्लेक्सवर होतं, त्या शहरात तो उतरला की कोणाच्या तरी छपरावर जातो, हे एसीत बसणाऱ्याला ठाऊक नसतं. मालनबाईंनी भागीबाईला घरून नवी कोरी ताडपत्री आणून दिली आणि फ्लेक्स ताब्यात घेतला. घडीच्या कोपऱ्यात छापखान्याचं नाव बारीक अक्षरांत होतं. त्यांनी तिथं फोन लावला. छापखानेवाल्यानं मोबाइल चाळून सांगितलं, "शनिवारी रात्री आठला मजकूर आला बघा शेखरभाऊंचा. सकाळी अर्जंट पाहिजे म्हणाले. दहाला लावला आम्ही."

सकाळी दहाला फ्लेक्स लागला, आणि कागदाप्रमाणं बंद लागला दहा वीसला. मालनबाईंनी तो मेसेज मागवून घेतला आणि छापून घेतला.

७

शुक्रवारी अकराला चौकशी सुरू झाली. खुर्चीत चौकशी अधिकारी, समोर खात्याचा माणूस, एका बाकावर शेखर आणि राकेश, दुसऱ्यावर मोहिनी. मागं दाराशी यादवची बायको मंगलाबाई बसली होती. तिलाही साक्षीला बोलावलं होतं, पण सकाळपासून कोणी तिला पाणीही विचारलं नव्हतं.

आधी रावजींचा जबाब झाला. तो होताच उंबरमाळच्या नोंदीचा आधार गळून पडला आणि खात्याचा माणूस नखं खाऊ लागला. मग शेखरची पाळी आली.

"शेखरराव, बंद कधी लागला?"

"रविवारी. पत्रात आहे."

मालनबाईंनी पिशवीतून फ्लेक्स काढला आणि साहेबांच्या टेबलावर पसरला. तो टेबलाबाहेर दोन्हीकडं लोंबला. "हे बोट तुमचंच ना?"

शेखरचा चेहरा पडला, पण आवाज नाही. "हे पोरांनी केलेलं कौतुक. यात पुरावा काय?"

"पोरांनी नाही, मजकूर तुम्ही पाठवला. शनिवारी रात्री आठला." त्यांनी छापलेला मेसेज पुढं सरकवला. "यादव भोये गेला आठ दहाला. तो जीपमध्ये शेवटचे श्वास मोजत होता, तेव्हा तुम्ही स्वतःच्या अभिनंदनाची अक्षरं लाल करायला सांगत होता. रविवारी दहा वीसला जे व्हायचं होतं, त्याचा सत्कार शनिवारी रात्रीच कसा ठरला?"

"तोंडी सांगितलं असेल आधी. काम महत्त्वाचं. आधी काम, मागून कागद, सगळीकडं असंच चालतं! वकिलाची सही रविवारी आली, त्यात आमचा काय दोष?"

"म्हणजे शनिवारी. लिहून घ्या, साहेब. आता दुसरं. तुम्ही फक्त नावं दिली, नंबराचं तुम्हाला काही माहीत नाही, असं मला म्हणालात."

"बरोबर."

"मग शेळ्या विकणारे आणि लग्न जुळवणारे कोण?"

शेखरनं मोबाइल उचलून पुन्हा खाली ठेवला.

"मी तुम्हाला आरोग्याच्या पानाबद्दल विचारलं. शेळ्यांचं नाव मी काढलं नव्हतं. मनोज सरांनी त्या दोनशे बारांना फोन करून विचारलंय. तुमच्याकडं तक्रार घेऊन कोणीही आलेलं नाही, कारण तुम्ही कोण हेच कोणाला ठाऊक नव्हतं. त्या चाळीत शेळीवाला राहतो हे ठाऊक असायला आधी चाळीची यादी वाचावी लागते. ती तुम्ही कधी वाचलीत?"

"मी उत्तर द्यायला बांधील नाही. मी सरकारी नोकर नाही."

"नका देऊ." मालनबाई त्याच्याकडं पाठ करून राकेशकडं वळल्या. "राकेश, परवा दारात काय सांगणार होतास?"

राकेशनं शेखरकडं पाहिलं, मग मोहिनीकडं.

"शनिवारी दुपारी एकला फोन आला यांचा," तो म्हणाला. "नावं काय घालत बसतोस, ते तासाला नाव बदलतात, नंबरच बंद कर म्हणाले. मी म्हटलं त्यावर दोनशे बारा जण आहेत. म्हणाले, यादी पाठव. पाठवली. त्यांनी वाचली. म्हणाले, शेळीवाले न् लग्नवाले दोन दिवस थांबले तर मरत नाहीत. मी म्हटलं, भाऊ, वरून चौथं नाव आरोग्याचं आहे. तर म्हणाले..."

"राकेश!"

"तर म्हणाले, सरकारी असेल, शनिवार-रविवार कोण बघतंय. आणि मी बंद केलं." त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकलं. "मी केलं, मॅडम. हात माझा होता."

शेखर उठून उभा राहिला. "आदेश कोर्टाचा होता!"

"आदेशात तेवीस नावं होती," मालनबाई कडाडल्या. "चोराला पकडायचा आदेश घेऊन तुम्ही चाळीला कुलूप घातलंत, आत कोण आहे ते वाचून घातलंत, आणि खाली उतरून हार घालून घेतलेत. सिनेमा वाचवलात ना? वाचवा. तो वाचवायला कोणाची ना नव्हती. पण चौथ्या ओळीवर तुमचं बोट थांबलं होतं आणि तुम्ही ते उचललंत. यादवला नागानं मारलं हे खरं. त्याच्या वाटेत आडवे तुम्ही पडलात."

चौकशी अधिकाऱ्यांनी घसा साफ केला. त्यांच्या छापील फॉर्मात दोषी कर्मचाऱ्याचं पदनाम लिहायला एकच ओळ होती, आणि बाहेरच्या माणसासाठी जागाच नव्हती. "बाई, नर्सवरचा आरोप टिकत नाही, तिला मी आजच मोकळं करतो. रावजींना समज देऊन सोडतो. पण हे दोघं माझ्या कक्षेत येत नाहीत. कागद पोलिसांकडं पाठवतो. कुठलं कलम लागेल, लागेल की नाही, मला सांगता येत नाही."

"तुमच्या फॉर्मात जागा नसली तर मागच्या बाजूला लिहा," मालनबाई म्हणाल्या. "पण यांच्या तोंडचं, यांच्या सहीनं."

राकेशनं लगेच लिहून दिलं. शेखरनं वकिलाला दोन फोन केले. मग राकेशचा कागद पाहून आणि छापील मेसेज पाहून त्यानंही चार ओळी खरडल्या. साहेब तो कागद फाइलला लावणार, इतक्यात दाराशी बसलेली मंगलाबाई उठून पुढं आली.

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "त्यालाच वाचायला सांगा."

शेखरनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी त्यानं कागद घेतला आणि खालच्या आवाजात वाचला: मी शनिवारी दुपारी एक वाजता नंबर बंद करायला सांगितला. यादीत आरोग्याचं पान आहे हे मला सांगितलं होतं. त्यामुळं त्या दिवशी ते पान डोंगराकडच्या केंद्रांत उघडत नव्हतं.

मंगलाबाईनं त्याच्या हातातला कागद घेतला आणि टेबलावर ठेवला.

"एवढंच?" ती म्हणाली. "पान उघडत नव्हतं, हे तं आमच्या शिस्टरनं पहिल्याच दिवशी सांगितलं व्हतं. रडून रडून सांगत व्हती. तव्हा कोणी लिहून का नाय घेतलं?"

ती शेखरला विचारत नव्हती. ती खोलीतल्या सगळ्यांना विचारत होती. मोहिनी खाली मान घालून उभी होती, आणि मालनबाईंना आपल्या ओसरीतला सोमवार आठवला, आणि आपण तिला जे वाक्य पुन्हा बोलू नकोस म्हणालो होतो ते वाक्य आठवलं. त्यांनी टेबलावरचा फ्लेक्स गोळा करायला घेतला. त्याची घडी त्यांना काही केल्या नीट घालता येईना.